पथ्य पाळणाऱ्याचे ताट आणि उपाहारगृहाचे दरपत्रक

पुणे शहरातील उपाहारगृहांना पाटी लिहिण्याचे वावडे कधीच नव्हते. बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत, एका थाळीत दोघांनी जेवू नये, सुटे पैसे द्यावेत, कारणाशिवाय फार वेळ बसू नये, इथपासून दुपारी किती ते किती बंद राहील इथपर्यंतच्या सर्व सूचना आपल्या शहरातील भिंतींवर ठसठशीत अक्षरांत वाचावयास मिळतात. त्यांतील तिरकस विनोदाचे कौतुकही महाराष्ट्रभर होत असते. मात्र या सर्व पाट्यांमध्ये एक पाटी क्वचितच दिसते. आज वाढल्या जाणाऱ्या आमटीत गूळ आहे, कोशिंबिरीत दाण्याचा कूट आहे, भाकरीच्या पिठात गहू मिसळलेला आहे, हे सांगणारी ती पाटी होय. ग्राहकाने कसे वागावे हे सविस्तर सांगणारी भिंत त्याच्या पानात काय पडणार आहे याविषयी मात्र मौन बाळगते.

या मौनाला दोन ठळक अपवाद आहेत आणि ते दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला अपवाद उपवासाच्या पदार्थांचा. साबुदाण्याची खिचडी, उपवासाची मिसळ, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याची पुरी हे पदार्थ दरपत्रकात स्वतंत्र शीर्षकाखाली छापलेले असतात. एकादशी-चतुर्थीला अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी कढई व वेगळा झारा ठेवला जातो. दुसरा अपवाद जैन भोजनाचा. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेला पदार्थ मिळेल किंवा नाही, हे पुण्यातील अनेक दरपत्रकांवर स्पष्ट लिहिलेले असते आणि तशी मागणी आल्यास आचारी ती बिनतक्रार पूर्ण करतो. म्हणजे घटक वेगळे ठेवणे, भांडी वेगळी ठेवणे, ग्राहकाला आधी सांगणे आणि त्यानुसार दर लावणे ही सर्व कौशल्ये आपल्या उपाहारगृहांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहेत. जे व्रतस्थाला मिळते ते रुग्णाला का मिळू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या नियतकालिकाच्या पृष्ठांवर का मांडावा, असे काही वैद्यबंधूंना वाटेल. त्याचे उत्तर आपल्या रोजच्या चिकित्सेत आहे. औषधाइकेच, किंबहुना काही व्याधींत औषधाहून अधिक, महत्त्व पथ्याला आहे असे आपले शास्त्र सांगते. लोलिंबराजांच्या 'वैद्यजीवना'तील पथ्यविषयक श्लोक तर विद्यार्थिदशेपासून आपल्या सर्वांच्या तोंडी असतो. परंतु ज्या काळात हे ग्रंथ रचले गेले त्या काळी रुग्णाचे अन्न त्याच्याच घरी शिजत असे आणि पथ्याची सूचना घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष देता येत असे. आजच्या पुण्याची स्थिती निराळी आहे. परगावाहून शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी सदाशिव-नारायण पेठांतील, कोथरूड-कर्वेनगरातील खाणावळींवर अवलंबून असतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे काम करणारे तरुण दिवसातील एक वा दोन आहार बाहेरच घेतात. मुले परदेशी असलेले वृद्ध दांपत्य डबा लावते. बाहेर जेवणे ही चैन राहिलेली नसून अनेकांची ती नित्याची व्यवस्था झाली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या व्यापक पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे दाखवून दिले. त्यांतील किती जण रोज दुसऱ्याच्या हातचे जेवतात याची कल्पना प्रत्येक वैद्याला स्वतःच्या रुग्णांवरून करता येईल. आपण पथ्यपत्रकावर लिहिलेली सूचना ज्या ठिकाणी पाळली जावयाची, ते ठिकाण आता उपाहारगृहाचे मेज आहे. तेथे माहिती नसेल तर आपली सूचना कागदावरच राहते.

आहाराचा विचार कसा करावा याविषयी चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील शेवटची दोन, म्हणजे जेवण्याचे नियम आणि जेवणारा, ही ग्राहकाच्या हाती आहेत. देश आणि काल यांचा विचारही तो आपल्यापुरता करू शकतो. परंतु पहिली चार पूर्णतः स्वयंपाकघराच्या आत घडतात. द्रव्य कोणते, त्यावर संस्कार कोणता झाला, ते कशात मिसळले आणि किती वाढले, हे बाहेर मेजावर बसलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणे शक्य नाही. राशीचे तर सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन भाग आचार्यांनी केले आहेत. एकूण आहाराचे प्रमाण वेगळे आणि त्यातील प्रत्येक पदार्थाचे प्रमाण वेगळे. 'अमर्यादित थाळी' या दोन शब्दांत या दोन्ही प्रमाणांचा विसर पडतो.

उपाहारगृहाच्या दरपत्रकाने या चार गोष्टी सांगाव्यात, ही अपेक्षा आपल्या परंपरेला परकी नाही. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने तंजावरच्या मराठी राजाश्रयात 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचला. पदार्थ कोणत्या द्रव्यांचा, त्याची कृती काय आणि त्याचे गुणदोष कोणते, अशी मांडणी त्यात आढळते. ज्याला आपण आज पाश्चात्त्यांकडून आलेली 'लेबल'ची कल्पना समजतो, तिचे बीज आपल्याच अन्नविचारात आहे.

आता प्रत्यक्ष पुणेरी ताटाकडे वळू. नावावरून घटक ओळखता येतील असे समजणे किती धोक्याचे आहे हे त्यातून ध्यानात येते. ब्राह्मणी पद्धतीच्या आमटीत आणि अनेक पालेभाज्यांत गूळ असतो. मधुमेही रुग्ण जिलबी टाळतो, पण आमटी निर्धास्तपणे दोन वाट्या पितो. अळूच्या फतफत्यात, भरल्या वांग्यात, काकडीच्या कोशिंबिरीत शेंगदाणे किंवा त्यांचा कूट असतो. गोड्या मसाल्यात तीळ असतात. बाजारात मिळणारे बांधानी हिंग हे शुद्ध हिंग नसते. त्यात डिंकाबरोबर स्टार्च किंवा धान्याचे पीठ, अनेकदा गव्हाचे पीठ, मिसळलेले असते. म्हणून सिलिअ‍ॅक विकाराचा रुग्ण, ज्याला गव्हातील ग्लूटेन कणभरही चालत नाही, तो साधे वरण आणि ज्वारीची भाकरी मागवूनही सुरक्षित नसतो. वरणाच्या फोडणीत ते हिंग असू शकते, भाकरी गव्हाचे पीठ लावून थापलेली असू शकते, आणि ज्वारी ज्या गिरणीत दळली तेथे आधी गहू दळलेला असू शकतो. उलट उपवासाची राजगिऱ्याची पुरी त्याच्या उपयोगाची असते, मात्र ती समोशाच्या तेलात तळली नसेल तरच. शेंगदाण्याचे तीव्र वावडे असलेल्या व्यक्तीसाठी हीच उपवासाची थाळी जवळजवळ संपूर्णपणे निषिद्ध ठरते. अमृततुल्य चहाची गोष्ट अशीच. त्यात साखर दुधाबरोबर उकळलेली असते, त्यामुळे मागाहून 'बिनसाखरेचा द्या' म्हणण्यात अर्थ नसतो. पातेले वेगळे ठेवले असेल तरच तो मिळू शकतो आणि ठेवले आहे की नाही हे पाटीवरूनच कळले पाहिजे.

वावडे हा शब्द आपण विनोदाने वापरतो, पण काही जणांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा असतो. शेंगदाणा, काजू किंवा मासळी यांच्या अल्पांशानेही काहींना घशाला सूज, श्वासावरोध आणि रक्तदाब घसरणे अशी आत्ययिक अवस्था काही मिनिटांत उद्भवू शकते. अशा ग्राहकाने वाढप्याला विचारले आणि वाढप्याने अंदाजाने 'नाही साहेब, त्यात काही नसते' असे सांगितले, तर त्या एका वाक्याचे मोल किती होईल याचा विचार करावा.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. २००१ साली भेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन आवेष्टित पदार्थांवर मांसाहाराचे व पाठोपाठ शाकाहाराचे चिन्ह आले. आज अक्षरओळख नसलेला माणूसही हिरवा ठिपका पाहून खरेदी करतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याऐवजी त्रिकोण आणला, त्यामुळे रंगभेद न कळणाऱ्यांचीही सोय झाली. याच नियमांत उपाहारगृहांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या आस्थापनांनी दरपत्रकावर प्रत्येक पदार्थासमोर त्याचे प्रमाण आणि किलोकॅलरी लिहाव्यात, तसेच वावडे निर्माण करणारे घटक आणि शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह दर्शवावे, असे बंधन त्यात घातले आहे. त्याची अंमलबजावणी मुदतवाढीनंतर १ जुलै २०२२ पासून सुरू झाली. ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासळी, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट अशी घटकांची यादी आहे.

हे स्वागतार्ह आहे, परंतु आपल्या दृष्टीने त्यात तीन उणिवा राहतात. पहिली उणीव व्याप्तीची. दहा शाखांची अट पिझ्झा-बर्गरच्या साखळ्यांना लागू होते; पेठेतील खाणावळ, पोळी-भाजी केंद्र, एकच शाखा असलेले उडुपी उपाहारगृह, डबा पोहोचवणारी गृहिणी यांना ती लागू होत नाही. पुण्यातील नित्य जेवणारा वर्ग मात्र याच ठिकाणी जेवतो. दुसरी उणीव यादीची. तीळ हा महाराष्ट्रीय स्वयंपाकातील सर्वत्र आढळणारा घटक त्या यादीत नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून आवेष्टित नसलेल्या अन्नालाही लागू असलेल्या चौदा घटकांच्या यादीत तीळ आहेत आणि अमेरिकेनेही १ जानेवारी २०२३ पासून त्यांचा समावेश केला. तिसरी उणीव दृष्टीची. किलोकॅलरी हा आकडा राशीचा एक पैलू सांगतो; प्रकृती, करण आणि संयोग यांविषयी तो काहीच सांगत नाही. तितक्याच किलोकॅलरींची ज्वारीची भाकरी आणि मैद्याचा नान यांतील भेद त्या आकड्यातून दिसत नाही.

येथे काही उत्साही मंडळी अशी सूचना करतील की, मग दरपत्रकावर 'पथ्यकर', 'आरोग्यदायी', 'मधुमेहींसाठी' किंवा थेट 'आयुर्वेदिक थाळी' असे लिहावे. आमचा या सूचनेस स्पष्ट विरोध आहे आणि तो आपल्याच शास्त्राच्या आधारे आहे. यवाचे उदाहरण घ्यावे. प्रमेहात यव हे आपले आवडते पथ्य. परंतु त्यात ग्लूटेन असल्यामुळे सिलिअ‍ॅक विकाराच्या रुग्णास ते सर्वथा अपथ्य. मग यवाच्या भाकरीवर 'पथ्यकर' हा शिक्का कोणासाठी मारावयाचा? पथ्य हे व्यक्ती, व्याधी, अवस्था आणि मात्रा यांवर ठरते. ते ठरवणे हे वैद्याचे काम आहे, दरपत्रकाचे नव्हे. दरपत्रकाने द्रव्याचे नाव सांगावे. निर्णय ग्राहक आणि त्याचा चिकित्सक करतील.

गुळाच्या चहाच्या पाट्या हे या धोक्याचे रोजचे उदाहरण आहे. 'साखर नाही, गूळ आहे' एवढे लिहिले की अनेक मधुमेही तो चहा निःशंकपणे पितात. वस्तुतः गूळही रक्तशर्करा वाढवतोच आणि चरकाचार्यांनीही प्रमेहाच्या हेतूंमध्ये गुळापासून केलेल्या पदार्थांची गणना केली आहे. पाटीतील विधान खरे असूनही त्यातून होणारा समज खोटा ठरतो. 'आयुर्वेदिक' हा शब्द तर आपल्या शास्त्राची पत आहे. २०२२ साली 'आयुर्वेद आहारा'विषयी स्वतंत्र नियम झाले आणि त्यांनी ग्रंथोक्त पदार्थांना चौकट घालून दिली. २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनी अन्नाच्या नावाने रोगनिवारणाचे दावे करण्यास मनाई केली. तरीही सामान्य थाळीला केवळ तांब्याच्या ताटात वाढून तो शब्द लावण्याचा मोह व्यवसायात दिसतो. त्याला वैद्यांनीच संमती देऊ नये.

नावाच्या खरेपणाचाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेत बनावट पनीरचा विषय गाजला. दुधाऐवजी वनस्पतितेल वापरून केलेला पर्यायी पदार्थ हा स्वतः बेकायदा नाही. तो पनीर म्हणून विकणे ही फसवणूक आहे. एखाद्या कृश रुग्णास दुग्धजन्य पदार्थ सुचवावेत आणि त्याच्या पानात तेलाचा गोळा पडावा, किंवा गोघृत सांगावे आणि भातावर वनस्पती तूप यावे, यात त्याची आर्थिक हानी तर होतेच, शिवाय आपल्या चिकित्सेचे फलही चुकते. 'तूप' असे लिहिले असेल तर ते तूपच असावे. अन्यथा जे आहे त्याचे नाव लिहावे.

आता दरांविषयी. हा विषय वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा वाटला तरी पथ्य मोडण्याचे ते एक मोठे कारण असते. पोळीऐवजी भाकरी हवी असल्यास अनेक ठिकाणी जादा आकार पडतो आणि तो देयक आल्यावरच समजतो. थाळीतील भात, गोड पदार्थ व तळण नको असलेल्या मधुमेह्यास पूर्ण थाळीचेच पैसे द्यावे लागतात. पैसे दिले आहेत तर खाऊन टाकू, असा मनुष्यस्वभाव असल्याने तो गुलाबजाम अखेर पोटात जातो. 'बदल करून मिळणार नाही' या पाटीपुढे वयोवृद्ध व्यक्ती संकोचाने गप्प बसते. ज्याला कमी खावयाचे आहे त्यानेच अधिक मोजावे, अशी ही उफराटी रचना आहे.

उपाहारगृहाने आपला दर किती ठेवावा हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. बाटलीबंद पाण्यासाठी छापील किमतीहून अधिक दर आकारल्याबद्दल हॉटेलांवर वजनमाप कायद्याखाली कारवाई करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिला. हॉटेलात ग्राहक केवळ वस्तू घेत नाही, तर सेवाही घेतो, हे त्यामागील तत्त्व होते. परंतु दर ठरवण्याचे स्वातंत्र्य जितके अधिक, तितके तो आधी सांगण्याचे कर्तव्यही अधिक. सेवाशुल्काच्या वादात हेच दिसून आले. ते देयकात परस्पर लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती वैध ठरवली.

पथ्याच्या पदार्थांसाठी यातून एक सोपा नियम निघतो. जेथे मालकाचा खर्च खरोखर वाढतो, म्हणजे वेगळे तेल, वेगळे पीठ, वेगळे पातेले लागते, तेथे त्याने जादा दर अवश्य घ्यावा, पण तो दरपत्रकात छापावा. जेथे काही वगळावयाचे आहे, म्हणजे साखर, तिखट, कांदा, लोणी घालू नये एवढेच सांगावयाचे आहे, तेथे जादा दर घेऊ नये. आणि ज्यांना अल्पमात्रा हवी त्यांच्यासाठी अर्ध्या थाळीचा किंवा सुट्या वाटीचा दर लिहिलेला असावा. दर वाट्यांच्या संख्येशी व पोळ्यांच्या संख्येशी बांधला की परिग्रह आपोआप साधतो.

मालकवर्गाच्या अडचणी आम्ही जाणतो. आचारी बदलतात, भाजी बाजारभावानुसार बदलते, कामगार बंगाल, ओडिशा, नेपाळहून आलेले असतात, आणि छापील दरपत्रक वारंवार बदलणे परवडत नाही. शिवाय लिहिलेले चुकले तर कायद्याचा बडगा आपल्यावरच, ही भीती असते. पहिल्या अडचणीचे उत्तर प्रत्येक खाणावळीच्या दारात टांगलेले आहे. आजची भाजी कोणती हे जेथे रोज फळ्यावर खडूने लिहिले जाते, तेथे 'भाजीत कूट, आमटीत गूळ' हे चार शब्द लिहिण्यास आणखी खडू फारसा लागत नाही. दुसऱ्या भीतीचे उत्तर असे की, सुरुवातीस केवळ 'आहे' तेवढेच लिहावे. 'नाही' असा दावा करू नये. गहू, दूध, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, सोया, अंडी, मासळी आणि वरून घातलेली साखर वा गूळ, या घटकांपैकी जे घातले आहे ते पदार्थासमोर लिहावे आणि खाली एक ओळ असावी की सर्व पदार्थ एकाच स्वयंपाकघरात होतात, तीव्र वावडे असल्यास विचारावे. 'ग्लूटेनविरहित' किंवा 'शेंगदाणाविरहित' असे तेव्हाच लिहावे, जेव्हा उपवासाच्या कढईप्रमाणे त्या पदार्थाची भांडी व तेल खरोखर वेगळे असेल. विचारल्यावर उत्तर देणारी एक जाणती व्यक्ती प्रत्येक पाळीत असावी, आणि तिला ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे सांगण्याची तिला मोकळीक असावी. अंदाजाने दिलेल्या होकारापेक्षा हे प्रामाणिक उत्तर अधिक उपकारक आहे.

मात्र सर्व भार उपाहारगृहांवर टाकून वैद्यवर्गाला मोकळे होता येणार नाही. 'गुरु व अभिष्यंदी आहार वर्ज्य' असे पथ्यपत्रकावर लिहिले, तर त्याचा अर्थ रुग्णालाच नीट कळत नाही. मग तो वाढप्याला काय सांगणार? त्याऐवजी दही, उडदाचे पदार्थ, मैदा, चीज, श्रीखंड अशी स्वयंपाकघरातील नावे लिहावीत. दुसरे असे की, जीवघेणे वावडे, व्याधीचे पथ्य आणि केवळ नावड या तीन गोष्टींतील भेद रुग्णास समजावून द्यावा. ज्याला वांगे आवडत नाही तोही 'मला चालत नाही' असेच म्हणतो. त्यामुळे ज्याला खरोखर चालत नाही त्याचे बोलणे आचारी गांभीर्याने घेत नाही. तीव्र वावडे असलेल्या रुग्णाला मराठी व हिंदीत लिहिलेले, खिशात मावेल असे पत्रक द्यावे आणि त्यावर घटकांची नावे ठळक लिहावीत. तिसरे असे की, निषेधांची यादी अकारण लांबवू नये. दहा गोष्टी वर्ज्य सांगितल्या की रुग्ण एकही पाळत नाही आणि उपाहारगृहासही ती मागणी अशक्य वाटते.

संघटित प्रयत्नाला पुणे ही योग्य भूमी आहे. ग्राहक चळवळीचे एक महत्त्वाचे केंद्र हेच शहर. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली येथेच ग्राहक पंचायतीचा पाया घातला. ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क १९८६ च्या आणि पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केला. आपल्या संघटनेने ग्राहक संस्था, हॉटेलचालकांच्या संघटना आणि आहारतज्ज्ञ यांच्यासमवेत बसून महाराष्ट्रीय पदार्थांची एक घटकसूची सिद्ध करावी, असे आम्ही सुचवितो. मिसळ, थालीपीठ, अळूवडी, पिठले, झुणका, आमटी, उसळ, सोलकढी अशा शे-दीडशे पदार्थांत सामान्यतः कोणते वावड्याचे व पथ्याचे घटक असतात आणि त्यांतील कोणते मागणीनुसार वगळता येतात, अशी ती सूची असावी. छोट्या खाणावळीच्या मालकाला ती आयती मिळाली तर त्याचे निम्मे काम होईल. आपल्या पाककृतीप्रमाणे फेरफार करून तो ती भिंतीवर लावू शकेल. शासनाकडेही तीळ यादीत घेण्याची आणि लहान आस्थापनांसाठी कॅलरीऐवजी घटकांच्या साध्या फळ्याची तरतूद करण्याची मागणी करता येईल.

आणि या कार्याचा आरंभ दुसऱ्यांच्या दारात करण्याची आवश्यकता नाही. संघटनेच्या परिसंवादांत आणि वार्षिक अधिवेशनांत शेकडो वैद्य एकत्र भोजन करतात. पुढील अधिवेशनापासून भोजनकक्षातील प्रत्येक पातेल्यापुढे त्यातील घटकांची चिठ्ठी लावण्याची अट आपण आचाऱ्याला घालावी. एका जेवणासाठी ती तयार करताना कोणती माहिती मिळवणे सोपे व कोणती अवघड जाते हे आपणांस प्रत्यक्ष कळेल, आणि मग शहरातील उपाहारगृहांशी बोलताना आपल्या शब्दांना वजन येईल.